तुम्ही विचारलंत म्हणून: टॉपस्पिन घ्यावा का?

"दादा, टॉपस्पिन २के२५ घेऊ का? कसाय?" हा टेनिसचा व्हिडिओ गेम. संभाजीनगरला गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रात्री साडेअकराला मेसेज टाकून विचारतात. हो म्हणलं तर पंधरा दिवसांनी शिव्या. नाही म्हणलं तर "तुम्ही जुन्यालाच चिकटून बसलात." म्हणून एकदाच लिहितो. पुढच्याला हेच पाठवणार.

चिकटून बसलोय, खरंय. ह्याच मालिकेतला आधीचा टॉप स्पिन ४ आला २०११ मध्ये आणि त्याचा पुढचा भाग थेट एप्रिल २०२४ मध्ये. तेरा वर्षं एकाच गेमवर काढलेला माणूस नव्याला नावं ठेवणारच, हे मान्य करून पुढं वाचा.

फटका चांगलाय. बटण टिचकीसारखं दाबलं की कंट्रोल शॉट, दाबून धरून वेळेवर सोडलं की पॉवर शॉट. बटण कधी सोडायचं ते स्क्रीनवरच्या पट्टीवर हिरव्या भागानं दिसतं. कंट्रोलला हा हिरवा पट्टा रुंद, पॉवरला अरुंद, आणि स्टॅमिना उतरला की तोही आक्रसतो. प्लेस्टेशनच्या गोल बटणाचा टॉपस्पिन, म्हणजे पुढं फिरणारा बॉल, लाल मातीवर उसळून खांद्यापर्यंत येतो. चौकोनाचा स्लाइस, म्हणजे उलटा फिरणारा बॉल, गवतावर घोट्याच्या वर येतच नाही. त्यामुळं कोर्ट बदललं की डोकंही बदलावं लागतं.

नव्यांची एक चूक ठरलेली. कंट्रोलरची डावी काडी (अंगठ्यानं हलवायची ती) दोन कामं करते: बटण दाबेपर्यंत पळवते, दाबल्यावर नेम धरते. पोरं उजवीकडं पळत पळत बटण दाबतात, काडी उजवीकडंच राहते आणि बॉल ट्रॅमलाइनच्याही, म्हणजे कोर्टाच्या बाजूच्या रेघेच्याही, बाहेर. मग "गेम भंगार". आधी पोचा, काडी सोडा, मग बटण दाबा आणि नेमापुरती काडी हलवा. फार लांबही ढकलू नका. गेममधल्या शिकवणीत जुना टेनिसपटू मॅकेन्रोच्या आवाजात बरंच काही सांगितलंय, ते वगळू नका.

आता मुद्द्याचं. "टायमिंग गंडलेलंय" असं मीच सांगत फिरत होतो ना? होतो. कशावरून, ते सांगतो.

परभणी, मे महिना, बहिणीच्या हॉलमधला मोठा टीव्ही. भाचा बारा वर्षांचा, त्याच्याकडं आजचा खेळाडू अल्काराझ. माझ्याकडं जुना दिग्गज सॅम्प्रस, कारण सर्व्हिस करून नेटवर धावायचं हा माझा एकच धंदा. सेट टायब्रेकला गेला, म्हणजे सात पॉइंटांच्या निर्णायक झटापटीला. सर्व्हिसला उजवी काडी खाली ओढायची, बॉल वर जातो, मग काडी वर ढकलायची. ढकलली. स्क्रीनवर "लेट", म्हणजे उशीर झाला. सर्व्हिस मऊ पडली, भाच्यानं माझ्या बॅकहँडला परत दिली. मी गोल बटण दाबून धरलं, खूण हिरव्यात आल्यावर सोडलं. "लेट". बॉल बेसलाइनच्या हातभर बाहेर. पुढच्या पॉइंटला अंदाजानं जरा आधी सोडलं, जमलं. त्याच्या पुढच्याला नेटवर गेलो आणि तिथं मेलो. बेसलाइनवर अंदाज बांधायला बॉल हवेत असेपर्यंतचा वेळ असतो. व्हॉलीला, म्हणजे बॉल टप्पा पडायच्या आधीच मारताना, तेवढाही नसतो. बॉल डोळ्यांना दिसेपर्यंत सॅम्प्रसच्या मागं गेलेला. भाचा मात्र निवांत. पॉवर शॉट त्याला जमतच नव्हते, सगळं टिचकीवर, आणि तो रुंद पट्टा त्याला सांभाळून घेत होता. ७-२. "मामा, तुझं बोट लेट व्हायलंय," म्हणाला. मी म्हणलं, "बोट नाही, गेमच तसलाय."

त्याच रात्री आमच्या ग्रुपवर लिहिलं की टॉप स्पिन ४ ची याला सर नाही. लोकांनी ते पुढं ढकललं. अजून फिरतंय.

आणि चूक होतं. टीव्ही सिनेमा मोडवर होता, वर हलणारं चित्र गुळगुळीत करायची सोय चालू. चित्र सजवायला टीव्ही वेळ घेतो. म्हणजे तुम्ही जे बघता ते गेममध्ये आधीच होऊन गेलेलं असतं. तुम्ही हिरव्यात बटण सोडता, गेमच्या हिशोबानं हिरवं मागं पडलेलं. घरी तपासायचं असेल तर मोबाइल स्लो मोशनवर, २४० फ्रेमला ठेवा. अंगठा आणि स्क्रीन एकाच चौकटीत धरा. बटण दाबल्यापासून खेळाडू हलेपर्यंत फ्रेम मोजा, मग टीव्हीचा गेम मोड लावून परत मोजा. मोबाइलची एक फ्रेम चार मिलिसेकंदांहून जराशी जास्त. दोन्ही मोजण्यांत २० फ्रेमचा फरक आला तर ८३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमनं चालणाऱ्या गेमच्या पुऱ्या पाच फ्रेम. तेवढ्यात हिरवं येऊन जातं. गेम मोड कधी कधी फक्त त्या एका एचडीएमआय पोर्टला लागतो. पोर्ट बदललं की परत लावा.

तरी मी पूर्ण माघार घेत नाही. जुन्या गेममध्ये ह्याच सॅम्प्रसला नेटवर जाऊन जगता यायचं. का माझा तेव्हाचा जाड डबड्याचा टीव्हीच झटपट होता? ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. जुना टीव्ही भंगारात गेला.

दुसरी तक्रार मात्र टीव्हीनं सुटत नाही. स्वतःचा खेळाडू बनवून वर चढवायचा 'माय करिअर' इंटरनेटशिवाय चालत नाही. एकट्यानं कॉम्प्युटरशी खेळायचं, तरी नेट पाहिजे. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही तक्रार चोचले वाटते. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की राउटर बंद. त्यावर उपाय आहे: राउटरला छोटा यूपीएस लावा. आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेकांचे १२ व्होल्ट असतात, पण खात्री करा. घरच्या इन्व्हर्टरला मोडचं बटण असेल तर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाता-येता कन्सोल बंद पडून चालू होतो. एवढं करूनही गल्लीच्या टोकाला नेटवाल्याच्या पेटीत वीज नसली तर हात चोळत बसा. करिअरबाहेरचे सुटे प्रदर्शनी सामने मात्र नेटशिवाय खेळता येतात.

खेळाडूंचं म्हणाल तर फेडरर, सेरेना, ग्राफ, आगासी आहेत, चारही ग्रँड स्लॅमची खरी कोर्टं आहेत. गेम आला तेव्हा जोकोविच नव्हता. जोकोविचसाठी घ्यायचा असेल तर राहू द्या.

घरात दोघं खेळणारे असतील तर घ्या, सवलतीत मिळाला तर जास्तच बरं. एकटे असाल, करिअरसाठीच घेणार असाल, तर आधी महिनाभर तुमचं नेट दिवसातून किती वेळा जातं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून काढा आणि मग मला विचारा.

दिवाळीत परभणीला गेलो तेव्हा पहिल्यांदा गेम मोड लावला. परत टायब्रेक, परत सॅम्प्रस. ७-५ नं हरलो. पाच फ्रेमचा हिशोब मिटला, आता उरलेल्या दोन पॉइंटांचं खापर कशावर फोडायचं ते ठरायचंय. भाचा बोटच म्हणतोय.