पाठकोऱ्या कागदांची जुळणी

एका दिवंगत मराठी कथालेखकाचे खासगी कागद त्यांच्या कुटुंबीयांनी पुण्यातील एका ग्रंथसंस्थेकडे सुपूर्द केले, आणि त्यांची छाननी करून सूची तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. पत्रे एका बाजूला, हस्तलिखिते दुसऱ्या बाजूला आणि बिले-पावत्या रद्दीत, अशी विभागणी होईल असे कुटुंबीयांनी गृहीत धरले होते. संस्थेतील ज्येष्ठ अभिलेखपाल बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावले, "गाठोडं सोडायच्या आधी ते कसं बांधलंय ते लिहून ठेवा. आणि तुमच्या हातून एकही कागद रद्दीत जायचा नाही."

या सूचनेचे महत्त्व काम पुढे सरकले तसे कळत गेले. लेखक काटकसरी होते आणि पाठकोरा कागद कधीही वाया जाऊ देत नसत, त्यामुळे कथांचे कच्चे खर्डे लग्नपत्रिकांच्या, सभांच्या निमंत्रणांच्या, वाण्याच्या हिशेबांच्या आणि छापखान्यातून तपासणीसाठी आलेल्या कच्च्या छपाईच्या, म्हणजे गॅली प्रुफांच्या, मागे लिहिलेले होते. खर्ड्यावर तारीख नसे. पण लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापलेला असे, आणि ती पत्रिका हाती येण्याआधी तो खर्डा लिहिला जाणे शक्य नव्हते. पत्रिका 'किरकोळ' म्हणून वेगळी काढली असती तर कथेचा काळ ठरवण्याचा एकमेव आधार गेला असता. म्हणून सूचीत प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंची नोंद करायची, आणि गाठोड्याचा व पानाचा क्रमांक कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने घालायचा, असे आम्ही ठरवले. शाईचे पेन टेबलावरसुद्धा ठेवायचे नाही, हा नियम तर सर्वांनाच लागू होता.

सर्वाधिक वेळ पत्रांच्या तारखांनी घेतला. जुन्या पिढीतील स्नेही मिती आणि शक लिहीत; शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात, म्हणून शके १८७२ च्या फाल्गुनातील पत्र १९५० चे नसून १९५१ चे ठरते. पोस्टाचा शिक्का पुसट असला तरी पत्त्यात पिनकोड असल्यास ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे मानता येते, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. पिनकोड नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लोक तो अजूनही गाळतात. संपादकांच्या पत्रांत दिवाळी अंकासाठी तगादा असला की निदान ऋतू कळे. अनुच्चारित अनुस्वारांवरून काळ ठरवण्याचा मोह मात्र मी आवरला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते वगळले हे खरे; तरीही हे लेखक पुढेही कित्येक वर्षे 'तें' आणि 'घरें' असेच लिहीत राहिले होते.

कागदांची अवस्था सारखी नव्हती. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना यांनी तपकिरी भोके पाडली होती, सेलोटेपचा डिंक अक्षरांत उतरला होता आणि वर्तमानपत्री कात्रणांतील आम्लाने शेजारच्या पानांवर पिवळे चौकोन उमटवले होते. टाचणी काढण्याआधी तिने कोणते कागद एकत्र धरले होते हे लिहून घेत असू, कारण ती जोडणीही लेखकानेच केलेली असते. एका गठ्ठ्याच्या खालच्या भागात वाळलेला गाळ होता. लेखक तेव्हा नारायण पेठेत राहत असत आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेले पाणी त्यांच्या घरात शिरले होते. त्यातील चिकटलेली पाने मी सोडवली नाहीत. ते काम संवर्धनतज्ज्ञांचे. पावसाळ्यात हवा इतकी दमट असे की त्या महिन्यांत नाजूक गठ्ठे उघडणेच आम्ही थांबवले.

खासगीपणाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. रोजनिशीत घरातील एका आजारपणाच्या सविस्तर नोंदी होत्या. लेखकाच्या सूनबाई म्हणाल्या, "तेवढी पानं फाडून टाका." पाने फाडण्याऐवजी ती रोजनिशी मोहोरबंद करून ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही वाचायला द्यायची नाही, असा लेखी करार झाला, आणि माझ्या मते तोच योग्य मार्ग होता.

पत्रांबाबत आणखी एक गुंता आहे. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, पण त्यातील मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याला आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. अप्रकाशित पत्रांचा हिशेब याहूनही किचकट आहे. म्हणून कुटुंबाने पेट्या दिल्या तरी इतरांची पत्रे छापण्याची परवानगी त्यांच्या हाती नव्हती. सूची आता वाचकांसाठी खुली आहे, अभ्यासकांना पत्रे वाचनकक्षात बसून वाचता येतात, आणि पत्रलेखकांच्या वारसांचे पत्ते शोधण्याचे काम सुरू आहे.