शेपूट आडवी हवी: देवमाशाची कागदी घडी शिकवताना

परभणी-हिंगोलीकडच्या पोरांनी पाहिलेला मासा म्हणजे कटला नाहीतर मरळ. त्यामुळे देवमाशाची घडी शिकवताना दर वर्गात घोळ एकच: शेपूट उभी होते. माझा सगळा तास त्या शेपटीसाठीच असतो.

कागद १५ सेंमीचा चौरस, वहीच्या पानाइतका जाड. ड्रॉइंगचा कागद चालत नाही. शेपटीच्या टोकाला चार पदर येतात आणि घडी चिरते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घडी पाडून कागद उघडायचा. एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा या घडीपर्यंत आणून दाबायच्या, पतंगासारखा आकार होतो. कडा एकमेकींवर चढल्या तर पुढे शेपूट तिरकी जाते, म्हणून केसाएवढी फट राहू द्यावी. रुंद टोकाचा त्रिकोण आत दुमडला की डोकं तयार. मग पदर आत ठेवून मधल्या घडीवर मिटायचं. ती घडी वर धरायची, तीच पाठ.

इथं थांबून पट्टी लावावी. लांबी १५ सेंमी भरते. मोठ्यात मोठा निळा देवमासा साधारण ३० मीटर, म्हणजे प्रमाण १:२००. या मापात माणूस ८ मिमी, करडईच्या एका बीएवढा. नुकतं जन्मलेलं पिल्लू ७ मीटरचं, म्हणजे साडेतीन सेंमी. करडईचं बी खरंच शेजारी ठेवावं. नुसत्या आकड्यानं अंदाज येत नाही. घडी जाडजूड होते, खरा प्राणी काकडीसारखा लांबट असतो, हेही सांगावंच.

आता निमुळत्या टोकापासून पाठीच्या घडीवर २ सेंमी चीर द्यायची आणि दोन्ही बाजू बाहेर वळवायच्या, जमिनीला समांतर. का? पळणाऱ्या कुत्र्याचा कणा वर-खाली लवतो, माशाचा डावी-उजवीकडे. देवमाशाचे पूर्वज जमिनीवरचे चार पायांचे प्राणी. वर-खाली लवणारा कणा घेऊनच ते पाण्यात उतरले. त्यांचा जवळचा नातलग इंडोह्यस, म्हणजे खुरांचा एक छोटा, आता नामशेष झालेला प्राणी, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे जीवाश्म आपल्याच देशात, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळ मिळालेत. पोरांना हे आवर्जून सांगते.

शेवटी डोक्यावर नाकपुडीची दोन टिंबं. पोरं तिथून पाण्याचं कारंजं काढतात. ते पाणी नव्हे, श्वास. पौषातल्या सकाळी आपल्या तोंडातून निघते तशी वाफ.