लोत नदीकाठची रोजनिशी: कडा, पायवाट आणि हातांच्या खुणा

शुक्रवार, रात्री

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझहून निघेपर्यंत सहा वाजून गेले. काओरपर्यंत हायवे, तिथून पुढे लोत नदीच्या काठाने जाणारा वळणावळणाचा रस्ता. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडकाचे कडे. काही ठिकाणी खडक रस्त्यावर असा झुकलेला आहे की गाडी त्याच्याखालूनच काढावी लागते. गाडी अमेय चालवत होता आणि आई मागच्या सीटवरून दर वळणाला त्याला "अमेय, हळू रे" म्हणत होती. ती महिनाभरासाठी रत्नागिरीहून आली आहे. तिला पॅरिसपेक्षा खेडं दाखवायचं, हे मी आधीच ठरवलं होतं.

मुक्काम नदीच्या अलीकडे, तूर-द-फोरला. समोरच्या काठावर, पाण्यापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर सँ-सीर-लापोपी. गावाची वस्ती जेमतेम दोनशे. उतरती तपकिरी कौलं, एकीवर एक चढलेली घरं आणि सगळ्यांत वर तटबंदीसारखं दिसणारं चर्च. जेवण उरकलं आणि अंगणात दहा मिनिटं आकाश पाहिलं. केर्सीचं हे पठार फ्रान्समधल्या सर्वांत काळोख्या आकाशासाठी ओळखलं जातं. आकाशगंगा साध्या डोळ्यांनी दिसली. आईने सप्तर्षी शोधून दिले आणि मग थंडी वाजते म्हणून आत गेली.

शनिवार

गाव सकाळी लवकर पाहिलं. 2012 साली टीव्हीच्या स्पर्धेत हे फ्रान्समधलं सर्वांत आवडतं गाव ठरलं, तेव्हापासून गर्दीला तोटा नाही. दहा वाजल्यानंतर गल्ल्या भरायला लागतात. गल्ल्या उभ्या उताराच्या, दगडी फरशीच्या. आईचे गुडघे पाहता आम्ही वरून सुरुवात करून खाली उतरत गेलो, तेच बरं. वर किल्ला होता. लापोपी, गुर्दों आणि कार्दायाक अशा तीन सरदार घराण्यांनी तो वाटून घेतला होता. आज तिथे नुसता खडक आणि थोडे अवशेष उरले आहेत, पण त्या खडकावरून नदीचं अख्खं वळण दिसतं.

खालच्या गल्ल्यांत एकेकाळी लाकूड कातणाऱ्यांची दुकानं होती. दारूच्या पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या इथे बनत. लाकूड बक्सचं, याच उतारांवर वाढणाऱ्या कडक, पिवळट झुडपाचं. काही जुन्या घरांच्या तळमजल्यावरच्या रुंद कमानी म्हणजे त्या दुकानांची तोंडं. आता आत चित्रं आणि मातीची भांडी विकायला ठेवलेली असतात. बक्सची झुडपं मधल्या काही वर्षांत एका परक्या पतंगाच्या अळ्यांनी फस्त केली. वाटेत वाळलेल्या काटक्यांचे पट्टेच्या पट्टे दिसले. पाहून वाईट वाटलं. कित्येक पिढ्यांचं पोट ज्या झाडावर भरलं, ते झाड असं जावं!

पण मला सांगायचं आहे ते दुपारच्या वाटेबद्दल. बुझिएसहून नदीच्या कडेने सँ-सीरकडे येणारी एक जुनी पायवाट आहे. नावा ओढण्यासाठी ती केलेली. काओरची वाइन नावांतून लोतच्या प्रवाहाबरोबर बोर्दोकडे जायची. उलट, प्रवाहाविरुद्ध येताना नावा दोरखंडाने काठावरून ओढाव्या लागत. कधी जनावरं ओढत, कधी माणसं. गानील इथे मात्र कडा थेट पाण्यात उतरतो, काठच नाही. म्हणून 1840 च्या दशकात खडकाच्या पोटातच वाट खोदून काढली. चालताना डावीकडे नदी, उजवीकडे आणि डोक्यावर खडक. उंच माणसाला मान थोडी सांभाळावीच लागते. भिंतीजवळ गेलं की छिन्नीचे घाव दिसतात, तिरके, एकाशेजारी एक, काही खोल, काही वरवरचे. मी त्यावरून बोट फिरवलं. एका जागी घावांची दिशा एकदम बदलते. तिथे हात बदलला असेल, किंवा माणूस.

एवढी मेहनत करून वाट झाली आणि 1886 मध्ये खोऱ्यात रेल्वे आली. नदीवरचा व्यापार आटत गेला. 1926 मध्ये नौकानयनाच्या नद्यांच्या यादीतूनच लोतचं नाव काढून टाकलं. आता सहलीच्या होड्या पुन्हा चालतात, त्यांच्यासाठी जुने जलपाश, म्हणजे होड्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजे, दुरुस्त करून घेतले आहेत. वाटेच्या एका भागात दानिएल मोनिए या शिल्पकाराने खडकाच्या भिंतीवर मासे, शिंपले, पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत. लोक तिथे थांबून फोटो काढतात. शिल्प छानच आहे, पण माझा जीव त्या अनामिक छिन्नीच्या घावांवर जडला. बसने येऊन वरचं गाव पाहून परतणाऱ्यांना ही वाट दिसतच नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. नावाड्यांमुळे गावात पैसा खेळला आणि नावाड्यांचं आयुष्य या पायवाटेवर गेलं. ती चालल्याशिवाय वरची घरं समजत नाहीत.

बुझिएसला कड्याच्या कपारीत बांधलेला एक दगडी किल्लाही आहे, त्याला 'इंग्रजांचा किल्ला' म्हणतात. नाव इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धातल्या आठवणींवरून पडलेलं. तो खालूनच पाहिला.

रात्री आईसाठी शाकाहारी काय, हा प्रश्न होता, कारण इथल्या मेन्यूवर बदकाशिवाय पान हलत नाही. शेवटी रोकामादूर चीजचं सॅलड मिळालं. शेळीच्या दुधाच्या छोट्या चपट्या चकत्या गरम टोस्टवर, सोबत अक्रोड आणि वरून मध. तिने अक्रोडाचं तेल मागून घेऊन चाखलं आणि दुकानाची चौकशी केली.

रविवार

पेश मेर्ल. या सहलीचं खरं कारण हेच.

काब्रेरे गावाच्या वर, सेले नदीच्या खोऱ्यात ही गुहा आहे. 1922 मध्ये गावातली दोन मुलं, आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र, आत सरपटत शिरली आणि त्यांना चित्रं सापडली. गुहांचं वेड त्यांना तिथले पाद्री आमेदे लमोझी यांनी लावलं होतं. लास्को ही फ्रान्समधलीच प्रसिद्ध चित्रगुहा 1963 पासून लोकांना बंद आहे, तिथे प्रतिकृती पाहायची. पेश मेर्लमध्ये मूळ चित्रं अजून दाखवतात, मात्र दिवसाला 700 माणसांची मर्यादा घालून. फोटो काढायला मनाई. तिकीट आठवडाभर आधीच काढलं होतं, आणि ते केलं म्हणून आत जाता आलं. दारातून काही कुटुंबं परत गेलेली पाहिली.

आत बारा-तेरा अंश गारवा. आईने शाल घट्ट गुंडाळली. गाइड टॉर्च घेऊन पुढे, आम्ही मागे. मॅमथ, बैल, रानरेडे काळ्या रेषांत काढलेले. मग एका वळणानंतर ठिपक्यांचे घोडे. दोन घोडे, पाठीला पाठ लागल्यासारखे, तोंडं विरुद्ध दिशांना. अंगभर काळे ठिपके, आणि ठिपके अंगाबाहेरही सांडलेले. उजव्या घोड्याचं डोकं जिथे आहे तिथे खडकाची कडाच घोड्याच्या डोक्यासारखी आहे. चित्रकाराने आधी खडकात घोडा पाहिला असणार आणि मग रंग हातात घेतला असणार. वय सुमारे 29,000 वर्षं. असे ठिपकेवाले घोडे कल्पनेतलेच, असं बरीच वर्षं मानलं जायचं. मग 2011 मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतल्या डीएनएवरून कळलं की ठिपक्यांचे घोडे त्या काळी खरोखर होते.

घोड्यांभोवती हातांचे ठसे आहेत. हात खडकावर टेकवून भोवती रंग उडवलेला, म्हणजे हाताची जागा कोरी आणि कडेने काळी छाया. मिशेल लोर्ब्लांशे या संशोधकांनी हे कसं केलं असेल ते स्वतः करून पाहिलं. कोळशाची पूड तोंडात चावून, लाळेत कालवून, ती खडकावर फुंकत फुंकत त्यांनी दुसऱ्या एका गुहेच्या भिंतीवर घोडे उतरवले. गाइड हे सांगत असताना आई माझ्या कानाशी म्हणाली, "बोटं बारीक आहेत गं. बाईचा हात असेल." मी पुन्हा पाहिलं. अंगठा ताठ बाहेर, करंगळी थोडी वाकलेली. कुणाचाही असो, त्या माणसाने तिथे हात टेकवून श्वास रोखून धरला होता एवढं नक्की.

पुढे एका कोपऱ्यात, ओल्या मातीत उमटून घट्ट झालेले पावलांचे ठसेही आहेत, लहान पायाचे.

बाहेर आल्यावर आंद्रे ब्रताँची गोष्ट वाचली. अतिवास्तववादी कवींचा हा म्होरक्या 1951 मध्ये सँ-सीरला घर घेऊन राहिला आणि 1966 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, उन्हाळ्यात येत राहिला. त्याचं घर म्हणजे जुनी नावाड्यांची खानावळ. 1952 मध्ये त्याने पेश मेर्लमध्ये मॅमथच्या सोंडेवर बोट घासून रेषा खरी की खोटी ते पाहिलं. गुहा दाखवणाऱ्याने हातावर फटका दिला, बाचाबाची झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि ब्रताँला दंड भरावा लागला. मी दंड करणाऱ्यांच्या बाजूची. इतकी हजार वर्षं टिकलेली रेषा कुणाच्या शंकेपायी पुसली जाऊ नये.

गुहेत असताना मला सारखी रत्नागिरीजवळच्या उक्षीत कातळावर कोरलेल्या हत्तीची आठवण येत होती. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. जांभ्यात कोरलेली, उघड्यावर, पावसापाण्यात. त्यांनाही असा पहारा, अशी माणसांची मर्यादा, असा गाइड मिळायला हवा. आईचंही तेच म्हणणं. ती उक्षीला दोनदा जाऊन आली आहे.

दुपारी पठारावर चाललो. इथल्या कोरड्या पठाराला कॉस म्हणतात. ओक, गवत आणि दगड. शेतातून वेचलेले दगड शेतकऱ्यांनी कडेने रचले, चुना-मातीशिवाय भिंती घातल्या, मध्ये मध्ये मेंढपाळांना आडोसा म्हणून गोल झोपड्या बांधल्या. झोपडीचं छपरही दगडांचंच, थरावर थर आत सरकवत वर मिटवलेलं. आई एका भिंतीपाशी थांबली. "हे तर आपले गडगे," म्हणाली आणि वाकून दगड कसे बसवलेत ते पाहू लागली. दोन दगडांच्या फटीवर वरचा दगड यायला हवा, फट सलग खाली गेली तर गडगा फुगतो, असं तिने अमेयला तिथल्या तिथे शिकवलं. तिच्या वडिलांनी बागेभोवती गडगे घातले होते आणि ती लहानपणी दगड उचलून द्यायची, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवार

सकाळी दोन तास कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. सेलेचं पाणी सप्टेंबरात उथळ होतं, दोनदा उतरून ढकलावी लागली. आई काठावर पुस्तक घेऊन बसली. मग तेलाचं दुकान, अक्रोडाच्या तेलाच्या दोन बाटल्या आणि परत तुलूझ.

मार्सियाकचा पडका मठ राहिला. काझार्कला ऑक्टोबरच्या शेवटी केशराची जत्रा भरते, केर्सीत केशराची शेती पुन्हा सुरू झाल्यापासून. आईचं परतीचं तिकीट नोव्हेंबरवर ढकलता येतं का, ते उद्या एअरलाइनला फोन करून विचारायचं आहे.