सहा चाकांची गाडी आणि चार खान्यांचा कोड

आमच्या रेसिंग गेममध्ये पुढची गाडी कुठली हवी, असं खेळाडूंना विचारलं की एक नाव हमखास येतं : टिरेल पी 34. फॉर्म्युला वनमधली ती निळी गाडी, पुढे चार चिमुकली चाकं आणि मागे दोन धटिंगण. मी गाड्यांच्या फिजिक्सचं काम बघतो. ही मागणी करणाऱ्यांत मनातून मीही होतोच, पण ऑफिसात तसं बोलायची सोय नव्हती. विषय निघाला की प्रोड्युसर म्हणायचा, "एका गाडीचं एवढं काय?" आणि ते समजावायला बसलं की मीटिंगची वेळ संपायची.

एवढं काय, तर आमच्या गेमच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. सस्पेन्शन, टायरचं तापमान, डांबरावर उमटणारे काळे पट्टे, रिप्ले, ऑनलाइन शर्यतीत एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारी माहिती, सगळीकडे चारच खाने. पिटमध्ये टायर बदलणारी माणसंसुद्धा चार कोपऱ्यांवर धावत जायला शिकलेली. पाचवं चाक कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आमच्याकडे अधूनमधून एक मोकळा दिवस असतो. ठरलेलं काम बाजूला ठेवायचं, ज्याला जे सुचेल ते करायचं आणि संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचं. थ्रीडी मॉडेल करणारा आमचा एक सहकारी या गाडीवर घरी फावल्या वेळात हात चालवत होता, हे मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळीच त्याच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "दे ती गाडी, आज पळवूनच बघू."

टिरेल संघाचा डिझायनर डेरेक गार्डनर याने ही गाडी आखली त्यामागचा हिशेब सरळ होता. तेव्हाच्या नियमाने पुढच्या विंगची, म्हणजे नाकावरच्या आडव्या पंखाची, रुंदी दीड मीटरपर्यंतच. नेहमीची मोठी चाकं त्या विंगच्या मागून वर डोकावतात आणि हवा अडवतात. मग चाकंच दहा इंचांची करून नाकाडामागे लपवली तर? पण एवढ्याशा दोन टायरांची पकड पुरणार नाही, म्हणून पुढे दोन जोड्या. मागे मात्र तेच तीन लिटरचं कॉसवर्थ व्ही-8 इंजिन आणि तेच रुंद टायर.

चाकांची संख्या ठरलेली नसेल अशी गाडीच्या कोडची वेगळी प्रत मी आधी काढली. बाकी गेमला चक्क थाप मारली : हिशेब सहा चाकांचा, पण बाहेर सांगताना पुढची पहिली जोडी आणि मागची जोडी, एवढंच. मधली जोडी गुलदस्त्यात.

पहिल्यांदा ट्रॅकवर ठेवली तर गाडी नाक वर करून उभी. तेवढं अपेक्षितच होतं, पुढच्या स्प्रिंगा आता दुप्पट होत्या. त्या मऊ केल्या. मग स्टिअरिंग. गाडी ज्या बिंदूभोवती वळते तो मागच्या एक्सलच्या रेषेत असतो आणि दुसरी जोडी त्या रेषेच्या जवळ, म्हणून ती पहिलीपेक्षा थोडी कमी वळायला हवी. दोन्ही सारख्या वळवल्या की टायर एकमेकांशी भांडतात. पडद्यावर तापमानाचे आकडे भराभर चढताना बघून ते भांडण कळतं. तसंही ही चाकं लहान असल्यामुळे तेवढ्याच अंतरात जास्त फिरतात, म्हणजे टायरचा तोच भाग पुन्हा पुन्हा रस्त्यावर घासतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ब्रेकने. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, पण ते पहिल्या जोडीवर जास्त आणि दुसरीवर कमी येतं. दोघींना सारखाच ब्रेक दिला तर दुसरी जोडी आधी लॉक होते, म्हणजे फिरायची थांबून घसरत जाते. त्यात रस्ता खडबडीत असला की कधी ही जोडी हलकी, कधी ती. नेहमीच्या गाडीत पुढे-मागे एवढंच वाटप असतं. इथे तीन वाटेकरी.

दुपारनंतर आमच्या टेस्टर बाई चालवायला बसल्या. गेमवर हात बसलेला आणि तोंडावर काही न ठेवणाऱ्या. दोन लॅप गप्प. मग म्हणाल्या, "वळणावर नाक मस्त घुसतंय. पण सरळ रस्त्यावर फरक काय पडला? एवढा खटाटोप कशाला केला त्या माणसाने?" मी खुर्चीतच खूश झालो. खऱ्या गाडीचं तेच झालं होतं : पुढची चाकं लपली तरी मागचे रुंद टायर हवेत तसेच उघडे, त्यामुळे सरळ वेगात म्हणावा तसा फायदा नाही. हे आम्ही गेममध्ये मुद्दाम कुठे लिहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्या एकदम ओरडल्या, "अरे, चाकं दिसतायत!" ड्रायव्हरला पुढची चाकं बघता यावीत म्हणून त्या गाडीच्या कॉकपिटच्या बाजूंना छोट्या पारदर्शक खिडक्या होत्या. आमच्या मॉडेलवाल्याने त्या इमानेइतबारे केल्या होत्या, ओरखड्यांसकट. त्यातून खाली बघितलं की दोन चाकं एकामागे एक, किंचित वेगळ्या कोनांत वळताना दिसत होती. सकाळी वहीत काढलेले ते दोन कोन मला आयते दिसले.

संध्याकाळी प्रोड्युसर आला. मी त्याला 13 जून 1976 ची स्वीडनची शर्यत सांगितली : अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर जॉडी शेक्टर हा ड्रायव्हर पहिला, पॅट्रिक डेपाये दुसरा, दोघंही सहा चाकांवर. पुढच्या वर्षी गाडी जड झाली, छोट्या टायरांचा विकास मागे पडला आणि प्रयोग गुंडाळला. 1983 पासून तर नियमानेच चार चाकं बंधनकारक. त्याने निमूटपणे ऐकलं आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. टायरच्या तापमानाचे तिथे चारच चौकोन होते.

"याचे सहा करायला किती दिवस?"

त्याचा होकार असाच असतो. यादी मी तिथेच लिहायला घेतली : चौकोन, काळे पट्टे, रिप्ले, पिटची माणसं. परवानग्यांचं काम दुसऱ्या विभागाचं, आणि ते माझ्या कामापेक्षा अवघड आहे. गाडीचा आकार, स्पॉन्सरचा लोगो, टायरवरची अक्षरं, ड्रायव्हरचं नाव, प्रत्येकाचा मालक निराळा. त्यात मूळ टिरेल संघ 1998 च्या हंगामानंतर उरलाच नाही. म्हणजे आधी विचारायचं कोणाला, तेच शोधायचं. तोवर गाडी आमच्या आतल्या बिल्डमध्ये, म्हणजे फक्त ऑफिसात चालणाऱ्या गेमच्या प्रतीत आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यासाठी नंबर लागतात.