तुम्ही विचारलंत म्हणून: अणुहल्ल्याच्या भीतीने आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवू का?

सीमेवर तणाव वाढला, सायरनचा सराव झाला, की पुण्यात हा प्रश्न हमखास येतो.

ही गोळी म्हणजे पोटॅशियम आयोडाइड. थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकायची, म्हणजे अणुस्फोटातून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ ला आत जागा उरत नाही, एवढंच तिचं काम. सीझियम, स्ट्रॉन्शियम असे इतर किरणोत्सारी पदार्थ किंवा बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांपुढे ती कुचकामी. मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, त्याहून लहानांना आणखी कमी. तीही प्रशासनाने सांगितल्यावरच. संपर्काआधीच्या २४ तासांपासून नंतरच्या २ तासांपर्यंत घेतली तर उत्तम, ८ तासांपर्यंत थोडाफार उपयोग. दिवस उलटल्यावर घेतली तर उलट अपाय, कारण शिरलेलं किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत जास्त काळ अडकून राहतं. खरी गरज मुलांना, गरोदर बायकांना आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना. चाळिशीपुढे फायदा फार थोडा. आणि नाही, आयोडीनचं मीठ जास्त खाऊन भागत नाही. त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. १३० मिलिग्रॅमच्या गोळीत आयोडीन साधारण १०० मिलिग्रॅम; तेवढ्यासाठी साडेसहा किलोच्या आसपास मीठ खावं लागेल! जखमेवरचं टिंक्चर आयोडीन पिणं तर विषच.

जीव वाचवतात भिंत आणि वेळ. अणुस्फोट जमिनीलगत झाला तर उडालेली माती किरणोत्सारी होऊन राखेसारखी खाली येते. वेळ सातपट झाली की तिच्या किरणांचा मारा दहावा हिस्सा उरतो: तासाभराने १००० धरला तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १०. म्हणून पहिले दोन दिवस आतच राहा. कोथरूड-बाणेरच्या सोसायटीचं तळघर किंवा मधल्या मजल्यावरची बिनखिडकीची जागा चांगली. सगळ्यात वरचा मजला आणि पत्र्याची शेड नको. पेठेतल्या वाड्याच्या भिंती जाड असतात, पण कौलांवर राख साचते. बाहेरून आलात तर वरचे कपडे दारातच उतरवून पिशवीत बांधा. केस शाम्पूने धुवा. कंडिशनर नको, त्याने राख केसांना चिकटते.

हे सगळं स्फोटापासून लांब असलेल्यांसाठी. जवळच्यांचा प्रश्न भाजण्याचा. ६० किलो वजनाचा माणूस ५० टक्के भाजला तर पहिल्या २४ तासांत त्याला साधारण १२ लिटर सलाईन लागतं, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. असे हजार रुग्ण ससून रुग्णालयाच्या दारात आले तर १२,००० लिटर. हिरोशिमात १९४५ साली शहरातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मेले किंवा जखमी झाले होते. सलाईन लावायलाच फारसं कोणी उरलं नव्हतं.