तुम्ही विचारलंत म्हणून: जुना पूल पाडला कशाला?

मी जळगावला पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल शिकवतो. अमेरिकेतल्या लाँग बीच बंदरातल्या पुलाचा विषय निघाला की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. यंदा पारोळ्याच्या एका पोराने विचारला: "सर, नवा पूल व्हयना, मंग जुना का बरं पाडा?" म्हणजे नवा पूल झाला, मग जुना का पाडला?

रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे नवा पूल झाला की जुना शेजारी तसाच उभा असतो. नदीला त्याची अडचण होत नाही. बंदरात होते.

लाँग बीचचा हा जुना पूल म्हणजे कॅलिफोर्नियातला जेराल्ड डेस्मंड पूल, १९६८ चा. भरतीच्या पाण्यापासून पुलाच्या पोटापर्यंत मोकळी जागा १५५ फूट. त्या काळी ती पुष्कळ होती. पुढे कंटेनरची जहाजं थोराड होत गेली आणि पुलापलीकडच्या धक्क्यांवर मोठं जहाज जाईना. वरही हाल होते. ट्रक बंद पडला तर कडेला घ्यायला जागा नाही, चढावर मागे रांग. काँक्रीटचे ढलपे सुटू लागले म्हणून पुलाखाली जाळी बांधलेली. तो जाळीचा फोटो मी वर्गात पडद्यावर मोठा करून दाखवतो आणि थोडा वेळ गप्प राहतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये शेजारीच केबलांवर तोललेला नवा पूल सुरू झाला. खाली २०५ फूट मोकळे. पण जुना उभा असेपर्यंत जहाजांना मोजावे लागणार ते १५५ च! म्हणून जुलै २०२२ मध्ये त्याचा मधला ४०९ फुटांचा गाळा सावकाश खाली सोडून तराफ्यावर घेतला. त्यासाठी खाडीतली वाहतूक दोनच दिवस बंद ठेवली.

आमचा जळगावातल्या शिवाजीनगरचा रेल्वेवरचा पूल २०१९ मध्ये पाडला, तोही नवा बांधायच्या आधी. आई तेव्हा रूळ ओलांडून बाजारात जायची. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या उचललेल्या, कान गाडीच्या भोंग्याकडे. शेजारी नवा बांधायला जागा नसेल, हे मला समजतं. तरी पहिला घण पडायच्या आधी पायी जाणाऱ्यांची सोय झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पारोळ्याच्या पोराला मी फळ्याकडे बोलावलं. आधी पाण्याची रेघ काढायला लावली, मग जहाज. रस्ता सगळ्यात शेवटी.