काचेतला उकिरडा

गेल्या रविवारी वीस युरो मोजून मी एक उकिरडा विकत घेतला. नवऱ्याला ते अजून पटलेलं नाही.

मी राहते त्या फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात उन्हाळ्यात गावोगाव ‘व्हीद-ग्रनिए’ भरतात. माळा रिकामा करायचा आणि सामान रस्त्यावर मांडून बसायचं. युएलग्वातजवळच्या अशाच एका बाजारात ऐंशीच्या पुढच्या एका आजींपुढे चपटा लाकडी डबा होता. पुढून दोन भिंगं, मागे दुधी काच. सोबत अकरा काचपट्ट्या, प्रत्येकीवर एकच दृश्य दोनदा. मी सवयीने दहा युरो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मादाम, आधी बघा, मग भाव करा.”

मी डोळे लावले आणि गप्प झाले.

पट्टीच्या कडेला शाईने लिहिलं होतं, ‘युएलग्वातजवळचं खेडं, १९०८’. दगडी घर, गवताचं छप्पर, दारात पांढरी टोपी आणि लाकडी बूट घातलेली बाई. ब्रिटनीच्या जुन्या पोस्टकार्डांवर हे सगळं शेकड्यांनी सापडतं, आणि तिथे आपण टोपीची लेस बघत बसतो. इथे मात्र सगळ्यात पुढे, अगदी नाकाशी, उकिरडा होता. काडी न् काडी सुटी दिसत होती. त्यावर एक कोंबडी, एक पाय उचललेली. टोपी, बाई, दार, सगळं त्याच्या मागे, आपापल्या अंतरावर. सपाट फोटोत उकिरडा नजरेआड करता येतो. यात तो ओलांडल्याशिवाय घरापर्यंत पोचताच येत नाही.

गंमत साधीच आहे. पॅरिसच्या ज्यूल रिशार यांनी १८९३ मध्ये ‘व्हेरास्कोप’ नावाचा दोन भिंगांचा कॅमेरा आणला. भिंगांमधलं अंतर साधारण आपल्या डोळ्यांमधल्याएवढं, सहा-साडेसहा सेंटिमीटर. दोन्ही फोटो एकाच क्षणी निघतात, पण किंचित वेगळ्या जागेवरून, आणि खोलीचा भास आपलं डोकं तयार करतं. मात्र निगेटिव्हवरून काच छापताना डावं-उजवं अदलाबदल करावं लागतं. माझ्या अकरांपैकी एका काचेत ते राहून गेलंय. तिच्यात लांबचं झाड पुढे यायला बघतं आणि जवळची विहीर मागे दबते. दोन मिनिटांत डोकं गरगरतं. बोटीत नाही लागली, ती इथे लागली.

सोमवारी डबा ऑफिसात नेला, ही माझी चूक. जेवणाच्या सुट्टीत पॅरिसहून आलेल्या एका सहकाऱ्याने बघितलं आणि म्हणाला, “केवढं हे दारिद्र्य!” मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, “तुला मात्र हे ओळखीचं वाटत असेल, नाही?”

वाटलंच होतं ना. कणकवलीजवळचं माझं आजोळ, तंतोतंत. चिऱ्यांच्या भिंती, गोठ्याशेजारी उकिरडा, त्यावर आजीच्या कोंबड्या. पण ते मी म्हणायचं. त्याने का म्हणावं? मी ताडकन सुनावलं की आमच्याकडे आता वायफाय आहे, स्लॅबचं घर आहे, आणि उकिरडा म्हणजे दारिद्र्य नव्हे, शेतकऱ्याचं भांडवल आहे. यातलं स्लॅबचं घर अजून तरी खोटं आहे. खालच्या ओळींत येतंच ते.

त्याच्यासारखाच कुणी हौशी पॅरिसकर १९०८ मध्ये इथले प्रचंड ग्रॅनाइट खडक बघायला आला असणार आणि जाता जाता या बाईवर त्याने भिंगं रोखली असणार. तिला विचारलं असेल का? इथलीच पोरं पोटासाठी पॅरिसला जायची. गाडी माँपार्नास स्टेशनात सोडायची, म्हणून आजही त्या भागात क्रेपची, म्हणजे इथल्या पातळ धिरड्यांची, इतकी दुकानं आहेत. लालबाग-परळात चाकरमानी उतरले तसंच हे. आणि ‘काळ्या गव्हाची’, म्हणजे कुट्टूच्या पिठाची, इथली गालेत म्हणजे आपलं घावनच. फक्त त्यावर अंडं फोडतात.

बाजारातल्या त्या आजींना मी विचारलं होतं, त्यांना ब्रेतॉन, म्हणजे ब्रिटनीची जुनी भाषा, येते का. त्या म्हणाल्या, समजतं, बोलत नाही. शाळेत त्यांच्या थोरल्या भावाच्या गळ्यात लाकडी बूट अडकवायचे, ब्रेतॉनमध्ये बोलला म्हणून. दुसरा कुणी बोलताना सापडला की बूट त्याच्या गळ्यात. साधारण १९५० मध्ये ही भाषा बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते, आता लाखभर. जुन्या घरांचा दगड मात्र एक हलू दिलेला नाही. लोक्रोनाँसारख्या गावात गाड्यासुद्धा वेशीबाहेर लावायला लावतात.

हे ऐकून मला, खोटं का बोलू, बरं वाटलं. आम्ही घरं पाडली असतील, भाषा नाही पाडली. ‘माका’ म्हटलं की आमच्या बाई ‘मला’ म्हणायला लावायच्या, पण गळ्यात काही बांधलं नाही. आता माझा लेक मालवणी बोलत नाही हा भाग वेगळा. तो सात वर्षांचा आहे, त्याला आधीच तीन भाषा आहेत.

आणि घराचं म्हणाल तर मार्चमध्ये मामाने पाडायचं ठरवलं. सातबाऱ्यावर आईचं नाव, तिने मला विचारलं, सही करू का. मी म्हटलं, कर. पावसात कौलं फिरवायला वर कोण चढणार? मी इथून? मामा साठीचा आहे. लोक्रोनाँला घरं सांभाळायला सरकार आहे, मामाला मामी आहे. त्या घराचा आमच्याकडे धड एकच फोटो, मावशीच्या लग्नातला, आणि त्यात मांडवाने सगळं झाकलंय.

सोमवारी रात्री मामाला फोन केला. “पाडण्याआधी अंगणातून दोन फोटो काढ. पहिला काढलास की चार बोटं उजवीकडे सरक आणि दुसरा काढ.”

“दोन कित्याक? एक पुरां नाय?”

“काढ ना.”

“बरा आसस मां गो?”

काल आले. मामाने अंगठा न येऊ देता काढलेत, हे विशेष. दोन्ही शेजारी छापले, डोळे सैल सोडले आणि थोड्या वेळाने पडवी मागे सरकली, तुळस पुढे आली. फक्त दोन फोटोंमध्ये मामाने बहुतेक कुणाला तरी हाक मारली असावी, वेळ गेलाय. डाव्या फोटोत अंगणात कोंबडी आहे, उजव्यात नाही. त्यामुळे ती धड दिसत नाही आणि धड जातही नाही, नुसती लुकलुकते.